सुई, भाला आणि मतपत्रिका

१९५० च्या दशकाच्या आरंभी कॅनडातील उत्तर क्युबेकमध्ये, हडसन सामुद्रधुनीच्या काठावरील कांगिक्सुजुआक ह्या वस्तीत कॅथलिक मिशनरी इनुइट लोकांची भाषा शिकत होते. आपला शब्दसंग्रह वाढावा, रोजच्या बोलण्यातली वाक्ये हाताशी असावीत, म्हणून त्यांनी तेथील एका तरुण स्त्रीला विनंती केली, की तिने जमतील तितके शब्द वापरून काही वाक्ये लिहून द्यावीत. तिचे नाव मितिआर्जुक नाप्पालुक, जन्म १९३१ चा. शाळेचा उंबरा तिने ओलांडला नव्हता. इंग्रजी-फ्रेंचचा गंध नव्हता, पण इनुक्टिटुट भाषेची अक्षरलिपी येत होती. तिने लिहायला घेतले. शब्द मागणाऱ्यांना तिने माणसे दिली. सानाक नावाची विधवा, तिची चिमुकली मुलगी कुमाक, त्यांची कुत्री, नातलग, शेजारी, बर्फघरे आणि तंबू अशी एक अख्खी वस्ती कागदावर उभी राहिली आणि भाषाशिक्षणाच्या वहीची अठ्ठेचाळीस प्रसंगांची कादंबरी झाली.

ह्या कादंबरीचे नाव 'सानाक'. आमच्या वाचनमंडळात आम्ही ती गेली दोन वर्षे अधूनमधून वाचत आहोत. मंडळ म्हणजे साहित्य शिकवणारे आणि शिकणारे मिळून आठ-नऊ जण. 'जगातील स्त्रीलेखन' असा भारदस्त विषय हाती घेतला, की आपण सहसा फ्रान्स, इंग्लंड, अमेरिका आणि फार तर आफ्रिकेपर्यंत जातो. पृथ्वीच्या टोपीवर राहणाऱ्या बायकांनी काय लिहिले असेल, हा प्रश्न अभ्यासक्रमात बसत नाही. आर्क्टिक प्रदेश ही काही एकजिनसी जागा नव्हे. स्कँडिनेव्हियातील सामी, सायबेरियातील नेनेत्स व चुकची आणि ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंत पसरलेले इनुइट ही निरनिराळी विश्वे आहेत. येथे आम्ही बोलणार आहोत ते मुख्यतः कॅनडातील इनुइट स्त्रियांविषयी, आणि तेही एका कादंबरीचे बोट धरून.

'सानाक'चा प्रवास मोठा बोलका आहे. लेखन सुरू झाले तेव्हा मितिआर्जुक विशीत होती. मध्येच तिला क्षयाच्या उपचारांसाठी दूर दक्षिणेकडील इस्पितळात जावे लागले आणि वही अर्धी राहिली. पुढे बर्नार सालादाँ दांग्लूर ह्या मानववंशशास्त्रज्ञाने तिच्याबरोबर काम करून ती पूर्ण करून घेतली. इनुक्टिटुट लिपीतले पुस्तक निघाले १९८४ मध्ये, फ्रेंच भाषांतर २००२ मध्ये आणि इंग्रजी २०१४ मध्ये. इंग्रजी आवृत्ती आली तेव्हा लेखिका जाऊन सात वर्षे झाली होती. दरम्यान १९७० साली मार्कूसी ह्या इनुइट लेखकाची शिकाऱ्याच्या जीवनावरील कादंबरिका इंग्रजीत प्रसिद्ध झाली आणि कॅनडातील इनुइट कादंबरीचा आरंभ म्हणून तिचेच नाव घेतले जाऊ लागले. मार्कूसींच्या लेखनाचे मोल कमी करण्याचा येथे हेतू नाही. पण लिहिले आधी कोणी आणि छापले आधी कोणाचे, ह्या दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी निघाली, की वाङ्मयेतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडे थांबावे. आपल्याकडेही हा अनुभव नवा नाही.

मितिआर्जुकच्या आईवडिलांना मुलगा नव्हता. म्हणून थोरल्या मुलीला शिवणकामाबरोबर शिकारही शिकवली गेली. सुई आणि भाला ही दोन्ही अवजारे ज्या हाताला ठाऊक होती, त्याच हाताने पुढे लेखणी धरली. ही गोष्ट चरित्रातला एक चटकदार तपशील म्हणून सोडून देण्याजोगी नाही, कारण कादंबरीची दृष्टीच तिच्यातून आली आहे.

आमच्यापैकी बहुतेकांना 'एस्किमो' प्रथम भेटला तो शाळेच्या भूगोलात. केसाळ टोपडे घातलेला एक पुरुष बर्फातल्या भोकाशी भाला रोखून उभा आहे आणि मागे इग्लू. चित्रात बाई नसे. पण त्या माणसाच्या अंगावरचे कपडे कोठून आले, हे विचारले असते तर ती चित्रातच सापडली असती. कॅरिबूच्या कातड्याचा दुहेरी पोशाख, आतल्या थराची लव अंगाकडे आणि बाहेरच्या थराची लव बाहेर. पायांत सीलच्या कातड्याचे बूट. त्यांची शिवण अशी, की सुई कातड्याच्या निम्म्या जाडीतूनच फिरवायची, आरपार जाऊ द्यायची नाही, म्हणजे पाण्याला वाट मिळत नाही. दोरा प्राण्याच्या स्नायुतंतूंचा. एक टाका चुकला तर बर्फावर गेलेल्या माणसाची बोटे जातात, कधी जीवही जातो. घरातला दगडी दिवा, ज्याला कुल्लिक म्हणतात, तो बाईचा. सीलच्या चरबीवर तो अखंड तेवत ठेवणे, वात सावरणे, त्यावर बर्फ वितळवून पाणी करणे, ओले बूट सुकवणे हे सारे तिच्याकडे. अर्धचंद्राच्या आकाराची सुरी, उलू, हीही तिचीच. तिने कातडे सोलायचे, खरवडायचे, दातांनी चावून मऊ करायचे. उत्तरेकडील मोहिमांवर गेलेल्या युरोपीय दर्यावर्द्यांपैकी जे शहाणे होते त्यांनी इनुइट बायकांनी शिवलेले कपडे अंगावर घातले.

'सानाक' वाचताना हे काम पानोपानी दिसते. पहिल्याच प्रसंगात नायिका आपल्या कुत्र्यांना घेऊन अंथरुणासाठी डहाळ्या आणायला निघते. कामाचे वर्णन असे, की जणू वाचकाला उद्या ते स्वतः करायचे आहे. शब्द शिकवण्याच्या निमित्ताने लिहिलेले पुस्तक असल्यामुळे प्रत्येक वस्तूला तिचे नेमके नाव मिळते. साहित्यशास्त्रात ज्याला आपण 'तपशिलाचे वास्तव' म्हणतो, ते येथे कुठल्याही वाङ्मयीन संप्रदायाच्या आशीर्वादावाचून आलेले आहे.

ह्या वाचनात आमच्या मंडळाचे दोन तट पडले. एका पक्षाचे म्हणणे असे, की येथे समता मुळातच होती. शिकार पुरुषाची, पण शिकाऱ्याला जिवंत ठेवणारी बाई. दोघांपैकी कोणालाही दुसऱ्यावाचून एक हिवाळा काढता येत नाही. मग आपण कोणती समता त्यांना शिकवणार? दुसऱ्या पक्षाने विचारले, की दात झिजेपर्यंत कातडी चावण्याला समता म्हणायचे असेल तर आपल्या आज्यांनी जात्यावर घालवलेल्या पहाटांनाही तेच म्हणावे लागेल. दोन्ही बाजूंना पुस्तकात पुरावा मिळत होता. सानाक स्वतंत्र आहे, कामात वाकबगार आहे, तिच्या शब्दाला वस्तीत वजन आहे. आणि हीच सानाक पुढे कालिंगूशी दुसरे लग्न करते व त्याच्या हातचा असा मार खाते, की तिला उपचारांसाठी बाहेर न्यावे लागते. निवेदनाचा सूर तेथेही चढत नाही. डहाळ्या आणण्याचा प्रसंग ज्या स्वरात सांगितला, त्याच स्वरात हाही सांगितला जातो.

आमच्या मते कादंबरीचे खरे सामर्थ्य ह्या न चढणाऱ्या स्वरात आहे. सुईची सत्ता आणि पाठीवरचा मार ह्या दोन गोष्टी एकाच बाईच्या वाट्याला एकाच आयुष्यात येतात, आणि एक खरी म्हणून दुसरी खोटी ठरत नाही. परस्परांची गरज असणे म्हणजे परस्परांच्या बरोबरीचे असणे नव्हे. गरजेतून मान मिळतो, पण त्या मानाचे संरक्षण करणारे दुसरे काही नसेल तर एका रात्रीत तो हरवतो. बाहेरून येणारा अभ्यासक ह्यांपैकी आपल्या सोयीची एकच बाजू उचलतो. मितिआर्जुकने ती सोय कोणालाच ठेवलेली नाही.

वर्गात वाचण्यासाठी म्हणून आम्ही कादंबरीतील काही पाने मराठीत आणण्याचा प्रयत्न केला आणि भाषेनेच आम्हाला एक धडा दिला. इनुक्टिटुटमध्ये व्याकरणिक लिंग नाही. 'टिकित्तुक' म्हणजे कोणीतरी आले. आलेला पुरुष की स्त्री, हे त्या क्रियापदाला ठाऊक नसते. मराठीला तर आला, आली, आले ह्यांतून निवडल्याशिवाय पाऊल उचलता येत नाही. निर्जीव सुईसुद्धा आपल्याकडे स्त्रीलिंगी आणि भाला पुल्लिंगी. इंग्रजी भाषांतरात 'तो' आणि 'ती' आधीच ठरून आलेले होते, म्हणून आमचे काम सोपे झाले, असे म्हणता येईल. पण मूळ भाषेत जे मोकळे होते ते दोन भाषांतरांच्या टप्प्यांत कसे बंद होत गेले, हे पाहणे साहित्याच्या विद्यार्थ्यांना फार उपयोगाचे वाटले. एका विद्यार्थिनीने विचारले, की मग नावावरून तरी कळते का? तेही कळत नाही. इनुइट नावांना लिंग नसते. नुकत्याच वारलेल्या माणसाचे नाव नव्या बाळाला देतात, आणि नावाबरोबर त्या माणसाचे काहीतरी बाळात येते असे मानतात. आजोबांचे नाव मिळालेल्या नातीला तिची आई 'माझे वडील' म्हणून हाक मारू शकते. २००१ साली आलेला झाकारायस कुनुकचा 'अटानार्जुआट' हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्यातील वृद्धा लहान मुलीला 'छोटी आई' म्हणते ते आठवेल.

मराठी वाचकाला हे अगदीच परके वाटू नये. सासऱ्यांचे नाव मुलाला ठेवले, की सून ते नाव तोंडाने घेत नसे. मग तो मुलगा जन्मभर 'बापू' किंवा 'आबा' म्हणून राही. पण आपल्याकडे आजोबांचे नाव नातवालाच जाते. इनुइटांमध्ये ते नातीलाही जाते, आणि कधी कधी त्या नावामुळे वयात येईपर्यंत मुलीला मुलाचे कपडे व मुलाचे शिक्षण मिळते. जन्मताना बाळाचे लिंग बदलले अशी समजूत असेल तर त्या बाळासाठी 'सिपिनिक' असा खास शब्दही आहे. सालादाँ दांग्लूर ह्यांनी ह्या विषयावर पुढे विस्ताराने लिहिले. अर्थात ह्यातून मुक्तीचे स्वप्नचित्र रंगवण्याचे कारण नाही. नाव आणि वेश ही मुलीची निवड नसे, वडीलधारे ते ठरवीत, आणि लग्नेही पुष्कळदा लहानपणीच ठरवून टाकलेली असत. मात्र बाई आणि पुरुष ह्यांच्यामधली भिंत ह्या समाजात आपण समजतो तेथे नव्हती, एवढे नक्की.

ती भिंत आपल्या ओळखीच्या जागी बांधली गेली ती सरकारी दप्तरात. इनुइट नावे लिहिता येत नाहीत, एकाच नावाची अनेक माणसे, आडनाव कोणालाच नाही, ह्या अडचणीवर उपाय म्हणून कॅनडाच्या सरकारने १९४१ पासून प्रत्येक इनुइट माणसाला क्रमांक कोरलेली एक चकती दिली. ती गळ्यात किंवा मनगटाला बांधायची. १९७० च्या सुमारास चकत्या जाऊन आडनावे आली, आणि आडनावांबरोबर कुटुंबप्रमुखही आला. तो अर्थात पुरुष. बायकोने नवऱ्याचे आणि मुलांनी बापाचे आडनाव लावायचे, हा दक्षिणेकडील शिरस्ता उत्तरेत कागदोपत्री कायम झाला. मृत आजीचे नाव घेऊन चालणारी बाई एके दिवशी अमक्याची बायको म्हणून नोंदली गेली. लग्नानंतर नाव बदलण्याच्या अनुभवावर आपल्या लेखिकांनी इतके लिहिले आहे, की ह्यावर वेगळे भाष्य नको.

माणसांची मोजदाद झाली, की त्यांची ने-आणही सोपी होते. क्षयाच्या साथीत वैद्यकीय जहाज वस्तीला लागे, तपासणी होई, आणि रोगी ठरलेल्यांना पुष्कळदा घरच्यांचा निरोप घेण्याइतकाही अवधी न देता दक्षिणेला नेले जाई. १९५६ च्या सुमारास दर सात इनुइट माणसांपैकी एक दक्षिणेतल्या आरोग्यधामात होता. आई गेली की दिवा कोणी सांभाळायचा, कपडे कोणी शिवायचे, हा प्रश्न त्या नोंदवहीत नव्हता. १९५३ आणि १९५५ मध्ये इनुकजुआक परिसरातील कुटुंबे दोन हजार किलोमीटर उत्तरेला, जेथे हिवाळ्यात महिनोन्महिने सूर्य दिसत नाही अशा ओसाड किनाऱ्यांवर नेऊन वसवली गेली. सरकारने त्याबद्दल माफी मागितली ती २०१० साली. त्या स्थलांतरितांत मार्था फ्लाहर्टी ही लहान मुलगी होती. १९२२ च्या 'नानूक ऑफ द नॉर्थ' ह्या गाजलेल्या चित्रपटाचा कर्ता रॉबर्ट फ्लाहर्टी हा तिचा आजोबा. इनुइट शिकाऱ्याला जगभर प्रसिद्ध करणाऱ्या ह्या माणसाने आपला इनुइट मुलगा कधी पाहिला नाही, आणि त्याची नात नव्या मुलखात वडिलांबरोबर शिकारीला जात वाढली. पुढे १९९० च्या दशकात ती 'पाउक्टूटिट' ह्या १९८४ साली स्थापन झालेल्या इनुइट स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेची अध्यक्ष झाली.

स्त्रीच्या शरीरापर्यंत हे दप्तर किती खोल जाऊ शकते, ह्याचा दाखला शेजारच्या ग्रीनलंडमध्ये आहे. तेथे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून डॅनिश प्रशासनाने जन्मदर खाली आणण्यासाठी सुमारे साडेचार हजार स्त्रिया व मुलींना गर्भनिरोधक साधन बसवले. म्हणजे मूल होऊ शकेल अशा वयाच्या जवळजवळ निम्म्या स्त्रियांना. अनेकींना विचारलेही नव्हते. काही तर शाळकरी मुली होत्या. काही वर्षांतच जन्मदर निम्म्यावर आला आणि अहवालांत ते यश म्हणून नोंदले गेले. ह्या बायका जवळजवळ अर्धशतक गप्प राहिल्या. २०१७ मध्ये नाया ल्युबर्थ ह्यांनी स्वतःची हकीकत उघड सांगितली, २०२२ मध्ये डॅनिश नभोवाणीच्या मालिकेने आकडे बाहेर काढले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये डेन्मार्कच्या पंतप्रधानांनी नूक येथे येऊन माफी मागितली. डेन्मार्कची गणना स्त्री-पुरुष समतेच्या बाबतीत जगातल्या अग्रेसर देशांत होते. समतेचा असा लौकिक कोणत्या स्त्रियांच्या जमेवर लिहिला जातो आणि कोणत्या स्त्रिया त्या हिशेबाबाहेर राहतात, हे ह्या प्रकरणाने दाखवले.

ह्या पार्श्वभूमीवर १९९७ सालची एक घटना आम्हाला फार महत्त्वाची वाटते. कॅनडात नुनावुत हा इनुइट बहुसंख्येचा नवा प्रदेश आकाराला येत होता. विधिमंडळ कसे असावे, हे ठरवण्याचे काम ज्या आयोगाकडे होते त्याने एक विलक्षण प्रस्ताव मांडला. प्रत्येक मतदारसंघातून दोन प्रतिनिधी, एक स्त्री आणि एक पुरुष. प्रत्येक मतदाराला दोन मते, एक ह्या यादीतल्यासाठी, एक त्या यादीतल्यासाठी. म्हणजे निम्मे सभागृह स्त्रियांचे, आणि तेही राखीव जागांच्या उपकारावाचून, रचनेतूनच. जगात कोठेही असे विधिमंडळ नव्हते. २६ मे १९९७ रोजी ह्यावर सार्वमत झाले. सुमारे ५७ टक्के मते विरोधात पडली आणि प्रस्ताव फेटाळला गेला. मतदान चाळीस टक्क्यांच्याही आत होते.

त्या वादातले युक्तिवाद वाचताना आम्हाला आमच्याच मंडळातले दोन तट आठवले. मार्था फ्लाहर्टी आणि त्यांच्या बाजूचे लोक म्हणत होते, की सुई आणि भाला जसे जोडीने चालत तसे सभागृह जोडीने चालावे. ही पाश्चात्त्य कल्पना नसून आपल्याच परंपरेचे आधुनिक रूप आहे. विरोधकांतही परंपरेचा आधार घेणारे होते. स्त्री आणि पुरुष आपल्याकडे कधी प्रतिस्पर्धी नव्हतेच, मग त्यांच्या वेगळ्या याद्या कशाला, असे त्यांचे म्हणणे. विरोधात अग्रभागी होत्या मानितोक थॉम्पसन ह्या स्वतः स्त्री असलेल्या मंत्री. बाईने स्वतःच्या योग्यतेवर निवडून यावे, अशी त्यांची भूमिका. फेब्रुवारी १९९९ मध्ये पहिली निवडणूक झाली. एकोणीस जागांपैकी एका जागेवर स्त्री निवडून आली. ती स्त्री म्हणजे मानितोक थॉम्पसन.

हा निकाल आम्ही वर्गात सांगितला तेव्हा मुलांनी अर्थातच ७३ व्या घटनादुरुस्तीची आठवण काढली. आपल्याकडे १९९३ पासून पंचायतीत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात पुढे निम्म्या झाल्या, आणि तेव्हापासून 'सही बाईची, कारभार नवऱ्याचा' ही तक्रारही ऐकू येते आहे. तरी तीस वर्षांत गावोगाव अशा बायका उभ्या राहिल्या, की ज्यांना खुर्ची आधी मिळाली आणि आवाज नंतर सापडला. नुनावुतने ती खुर्ची नाकारली. तेथील लोकांना समता नको होती, असा अर्थ काढणे मात्र उतावळेपणाचे ठरेल. परंपरेत उत्तर आहे असे दोन्ही बाजूंना वाटत होते, आणि परंपरेने दोघांनाही साक्ष दिली. सुई आणि भाल्याची जोडी जेव्हा जगण्याची अट होती तेव्हा तिला मतपत्रिकेची गरज नव्हती. पगार, घरांचे वाटप, न्यायालय आणि विधिमंडळ ह्यांच्या जगात ती अट उरली नाही. जोडी आपोआप टिकेल हा विश्वास मात्र उरला.

त्यानंतरचा इतिहास सरळ रेषेत जात नाही. २००८ च्या सार्वत्रिक निवडणुकीत पुन्हा एकच स्त्री निवडून आली, आणि सभागृहाने तिलाच मुख्यमंत्री निवडले. त्या एव्हा आरियाक. आधी त्या नुनावुतच्या भाषा आयुक्त होत्या. इंटरनेटसाठी इनुक्टिटुट शब्द शोधताना त्यांनी 'इकियाक्किविक' हा शब्द पुढे आणला. पूर्वीचे शामान काळाच्या आणि अवकाशाच्या थरांमधून प्रवास करीत, त्या प्रवासाचा हा शब्द. नुनाविकच्या मेरी सायमन २०२१ मध्ये कॅनडाच्या गव्हर्नर जनरल झाल्या, त्या पदावर आलेल्या पहिल्या आदिवासी व्यक्ती. नुनावुतच्या सरकारी कचेऱ्यांत इनुइट पुरुषांपेक्षा इनुइट स्त्रिया अधिक दिसतात. लेखनातही ग्रीनलंडच्या निविआक कोर्नेलिउसेन ह्या तरुण कादंबरीकार स्त्रीला २०२१ चे नॉर्डिक कौन्सिलचे साहित्य पारितोषिक मिळाले.

एवढे असूनही नुनावुतमध्ये स्त्रियांवरील हिंसेचे प्रमाण साऱ्या कॅनडाच्या तुलनेत फार मोठे आहे. बेपत्ता आणि खून झालेल्या आदिवासी स्त्रियांविषयी कॅनडाच्या राष्ट्रीय चौकशी आयोगाने २०१९ मध्ये दिलेल्या अहवालात इनुइट स्त्रियांच्या साक्षी आहेत. ह्या प्रश्नाचा भूगोल लक्षात घेण्याजोगा आहे. नुनावुतच्या २५ वस्त्या, आणि एकीतून दुसरीत जायला रस्ता नाही. घरे थोडी, प्रत्येक घरात माणसे दाटीने. आपल्याकडे मार खाणारी बाई निदान माहेरच्या गाडीत बसू शकते, अशी आपली समजूत असते. येथे घर सोडायचे तर विमानाचे तिकीट हवे, हवामान चांगले हवे, आणि उतरल्यावर आसरा देणारे दार हवे. अनेक वस्त्यांत तशी आश्रयगृहे नाहीत. 'पाउक्टूटिट'ची वर्षानुवर्षांची मागणी ह्या दारासाठी आहे. सानाकला कादंबरीत जे झाले ते आज झाले तर ती कोठे जाईल, हा प्रश्न म्हणून वाङ्मयबाह्य ठरत नाही.

सुईच्या बाबतीतही जगाने तसेच केले. युरोपने १९८३ मध्ये सीलच्या पिल्लांच्या कातड्यांवर आणि २००९ मध्ये सीलच्या सर्व उत्पादनांवर बंदी घातली. इनुइटांना सूट होती, पण बाजार कोसळल्यावर सुटीचा उपयोग काय? अलेथिआ आर्नाकुक-बारिल ह्यांच्या 'अँग्री इनुक' (२०१६) ह्या माहितीपटात कातडी शिवणाऱ्या बायकांची बाजू आहे. प्राण्यांवर दया करणाऱ्या सहृदय माणसांना, त्या दयेची किंमत एका बाईच्या शिवणाच्या पेटीतून वसूल होते आहे, हे दिसले नाही.

मग ह्या स्त्रियांची समता मोजायची तरी कशाने? सभागृहातल्या जागा मोजाव्यात, त्याला आमचा विरोध नाही. मोजल्याशिवाय दिसतही नाही. पण आम्हाला आणखी एक माप सुचवावेसे वाटते. नुनाविकमध्ये, म्हणजे मितिआर्जुकच्याच प्रदेशात, पूर्वी बाळंतपणे वस्तीतल्या जाणत्या बायका करीत. १९७० च्या दशकापासून गरोदर स्त्रीला दिवस भरण्याच्या कितीतरी आधी विमानाने दक्षिणेकडील इस्पितळात पाठवण्याची पद्धत पडली. तेथे परकी भाषा, परके अन्न, आठवडेच्या आठवडे एकटेपण आणि मागे घरी लहान मुले. वस्तीत वर्षानुवर्षे जन्मच होईनासे झाले. फक्त मरणे होत राहिली. ह्याविरुद्ध तेथील स्त्रिया बोलू लागल्या आणि १९८६ मध्ये पुविर्नितुक येथे प्रसूतिगृह सुरू झाले. त्याचे वैशिष्ट्य हे, की इनुइट मुली तेथेच कामावर शिकून सुईणी होऊ लागल्या, आणि शिकवण्याची भाषाही त्यांची स्वतःची. १९९८ मध्ये इनुकजुआक आणि २००४ मध्ये साल्लुइट येथे अशीच प्रसूतिगृहे निघाली. आज त्या किनाऱ्यावरील बहुसंख्य बाळे आपल्या प्रदेशातच जन्मतात.

ग्रीनलंडमध्ये बाहेरचे हात स्त्रीच्या शरीरापर्यंत गेले होते. पुविर्नितुकमध्ये तिच्या उशाशी तिच्या भाषेत बोलणारी बाई आली. ह्या दोहोंमध्ये जे अंतर आहे ते कोणत्याही निर्देशांकात नीट पकडता येत नाही. तरी आमच्या समजुतीप्रमाणे समता म्हणतात ती ह्याच अंतरात कोठेतरी आहे: आपल्या आयुष्याचा निर्णय आपल्या जागी, आपल्या भाषेत घेता येणे. तो पल्ला नुनाविकच्या स्त्रियांनी बाळंतपणाच्या बाबतीत बराचसा गाठला. मारहाणीच्या रात्री मात्र तो अजून गाठायचा आहे.

साहित्याच्या वर्गात ह्या पुस्तकाचे काय करायचे, असे आम्हाला कधी कधी विचारतात. अभ्यासक्रमात ते बसत नाही, तिसऱ्या हाताचे भाषांतर आहे, समीक्षा फारशी उपलब्ध नाही. आमचे उत्तर साधे आहे. स्त्रीवादाच्या तासाला सिद्धान्ताची ओळख झाली, की त्यानंतर 'सानाक'ची दहा पाने द्यावीत आणि विद्यार्थ्यांना सांगावे, की ह्या पानांतली बाई बलवान आहे की दुबळी, ते एका शब्दात लिहा. त्यांना ते जमणार नाही. जमत नाही म्हणून ते जेव्हा दुसरा, तिसरा, दहावा शब्द शोधू लागतील, तेव्हा तास सुरू झाला असे समजावे.